जेवून जरा पडते

आमच्या मराठी मंडळाच्या एक मेच्या अंकात पद्मजाबाई मला दरवर्षी एक पान देतात. मी नको म्हणतो आणि मग लिहितो. यंदा त्यांनी विषयही सुचवला होता. "दिल्लीत वाढलेल्या मुलांसाठी लिहा, काका. एक इंग्रजी क्रियापद घ्या आणि मराठीत त्याचं काय काय होतं ते सांगा. पण सोपं हवं हं, मागच्या वेळेसारखं नको."

मागच्या वेळचं कोणी वाचलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

मी 'फॉल' घेतलं, सोपं वाटलं म्हणून. फॉल म्हणजे पडणे. लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की पान पडत नाही, गळतं. केसही गळतात, दात मात्र पडतो. भाव उतरतो, सरकार पडतं. आजारी माणूस दोन्ही भाषांत पडतो, प्रेमातही दोन्हीकडे पडतो. झोपेत मात्र फक्त इंग्रज पडतो, आपल्याला झोप लागते. शिवाय अमेरिकेत फॉल नावाचा ऋतूच आहे, ऑक्टोबरातला. आमच्या मयूर विहारातले कडुनिंब पानं टाकतात ती मार्चमध्ये. हे सगळं एका पानात कसं बसवावं कळेना. एका मंत्रालयाच्या प्रकाशन विभागात मी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या इंग्रजी अहवालांची प्रुफं तपासण्यात काढली. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते. स्वतःच्या वाक्यावर मात्र भरवसा वाटत नाही.

त्या दिवशी जेवणं झाली आणि मी पुन्हा टेबलाशी बसलो. शेजारच्या खोलीत पलंगावर बसून कुमुद साडीला फॉल लावत होती. साडीच्या खालच्या काठाला आतून लावायची ती पट्टी. आमची नात लतिका मुनिरक्याला खोली घेऊन राहते, विद्यापीठात शिकते. तिच्या मैत्रिणीचं लग्न होतं आणि तिला पहिल्यांदाच नऊवारीखेरीज आजीची कुठलीही साडी हवी होती.

"अहो," आतून कुमुद म्हणाली, "पडलं का तुमचं फॉल?"

"लटकलंय अजून."

"आणि साडीचा फॉल घेतलात का त्यात? घ्या. तुमची नात मला विचारते, आजी, फॉल क्या होता है? म्हटलं, अगं, ज्याच्यामुळे साडी नीट पडते तो फॉल."

"तो इंग्लंडात माहीत नाही त्यांना."

"मग त्यांच्या साड्या फुगत असतील."

मी हसलो. थोड्या वेळानं ती म्हणाली, "डोळे दुखले बाई. मी जरा पडते. हेही लिहा तुमच्या पानात. मी रोज जेवून पडते आणि मला लागत नाही."

हे मला फार आवडलं. मी ते लिहून घेतलं. इंग्रजीत याला फॉल चालणार नाही, असा शेरा मारला. मग शब्दकोश उघडला आणि त्यात हरवलो. मध्येच कधीतरी आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, वरच्या मजल्यावरची मुलं. मी उठलो नाही.

चहाची वेळ टळून गेली तेव्हा मी आत गेलो. दुपारी कुमुद इतकी झोपत नाही. पायाला काहीतरी लागलं आणि गडगडत गेलं. दोऱ्याचं रीळ होतं. तिचा शिवणाचा पत्र्याचा डबा जमिनीवर उपडा पडला होता. ती पलंगावर होती, अंगावर शाल होती, डोळे उघडे होते. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळल्यासारखी दिसत होती.

"कुमुद?"

तिनं काहीतरी म्हटलं. शब्द नव्हते, नुसता आवाज होता. मी तिचा उजवा हात उचलला आणि सोडला. तो पडला. मराठीतही पडला आणि इंग्रजीतही पडला, असा एक भयंकर विचार मनात आला आणि मला स्वतःची किळस आली.

खालच्या मजल्यावरच्या श्यामजींना हाका मारल्या. ते बनियनवरच धावत आले, मग शर्ट घालून गाडी काढायला गेले. मी लतिकेला फोन लावला.

"लतिका, अगं, आजी जेवून पडली, आता उठवतोय तर तोंड वाकडं झालंय, हात हलत नाही. श्यामजी नोएडाच्या वाटेवरच्या त्या मोठ्या इस्पितळात नेतायत."

"आजी पडली?" ती ओरडली. "ओ गॉड. आजोबा, मी निघते. मी बोलते तिथे डॉक्टरांशी, तुम्ही बिल्कुल टेन्शन घेऊ नका."

मला बरं वाटलं. इस्पितळात बोलणं मला जमत नाही. हिंदी पन्नास वर्षं ऐकतोय, पण तोंड उघडलं की लिंग चुकतं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हा शेजारणी माझ्याकडून मुद्दाम दोन वाक्यं बोलवून घ्यायच्या आणि पदराआड हसायच्या. "भाईसाहब, आपकी चाय कैसा है?" असं माझीच नक्कल करून विचारायच्या. तेव्हापासून घराबाहेरचं बोलणं कुमुदकडे असतं. भाजीवाला, बँक, गॅसवाला, डॉक्टर, सगळे तिचे. मी मागे पिशवी धरून उभा असतो.

त्या दिवशी पुढे कोणी नव्हतं.

कॅज्युअल्टीत तिला ढकलत आत नेलं. मला खिडकीपाशी थांबवलं, कागद भरायला. वय, पत्ता, आधी काही आजार, कुठल्या गोळ्या चालू आहेत. पेनात शाई नव्हती की माझाच हात उठत नव्हता कोण जाणे. श्यामजींनी पुढे होऊन अर्धा कागद भरला. तेवढ्यात लतिका पोचली. अशी कशी इतक्या लवकर आली, ते मी अजून विचारलेलं नाही. मला एकदा घट्ट धरलं आणि ती सरळ पडद्याआड गेली.

एका परिचारिकेनं माझ्या हातावर एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. "बाबूजी, स्कैन के लिए उतारना पड़ा। सँभालिए।" दोन बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं. आणि एक सुई, हिरवा दोरा ओवलेली. "ये उनके ब्लाउज़ में लगी थी, कंधे पर। चुभ जाती तो?"

मी मान हलवली. पिशवीची गाठ बांधायचाही धीर झाला नाही. तशीच हातात धरून बसलो. समोर एक बाई मोबाइलवर कोणाला तरी सांगत होती, "अरे यार, पहले बात तो सुन." दार उघडलं की मी उठत होतो. बंद झालं की बसत होतो. श्यामजी म्हणाले, "बैठ जाइए सर, चाय लाऊँ?" मी नको म्हटलं आणि लगेच उठलो.

शेवटी लतिका बाहेर आली. तिच्याबरोबर तरुण डॉक्टरीणबाई होत्या, केस पेन्सिलीनं वर खोवलेले. दोघी इंग्रजीत बोलत होत्या, भराभर. मी जवळ गेलो पण मध्ये बोललो नाही.

मला कळलं ते असं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी आहे. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातला बराच वेळ गेलाय. दिलं तर हात, बोलणं, बरंचसं परत येऊ शकतं. नाही दिलं तर जे आहे त्यावर भागवायचं.

"बट विथ द फॉल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आय ॲम नॉट कम्फर्टेबल." डोक्याला मार बसला असेल तर तेच इंजेक्शन आत रक्तस्राव घडवू शकतं. पडताना कोणी पाहिलं नाही. वयही असं. आपण न दिलेलं बरं.

लतिका रडत होती आणि मान हलवत होती.

विथ द फॉल. मला तो शब्द ऐकू आला, पण समजायला वेळ लागला. कुठला फॉल?

"लतिका," मी म्हटलं, "कोण पडलं?"

"आजी, आजोबा! तुम्हीच सांगितलं ना फोनवर. जेवून पडली."

"अगं, जेवून पडली म्हणजे..." मी तळहात आडवा करून दाखवला. "रोज पडते तशी पडली. आडवी झाली. झोपायला."

तिनं डोळे पुसले. "पडली म्हणजे शी फेल डाउन ना?"

तिला हे कोणी शिकवलंच नव्हतं. तिच्या घरी सगळे हिंदीत लेटतात. आईबाप दोघं नोकरीवर, दुपारी पडायला घरी होतं कोण? आणि आमच्याकडे आली की आजी आधी तिला वाढायची, ती निघाल्यावर पडायची.

"मॅडम," मी डॉक्टरीणबाईंकडे वळलो. "शी डिड नॉट फॉल."

त्या थांबल्या. "अंकल, पेशंट खुद बोल रही हैं। आय आस्क्ड हर. क्या हुआ, आंटी? शी सेड फॉल. ट्वाइस."

"फॉल म्हणाली?"

"क्लियरली. बाकी कुछ समझ नहीं आया, बस फॉल."

मग खरंच पडली होती का? डबा उपडा होता. आवाज आला होता. तो वरच्या मुलांचा नव्हता, आमच्याच खोलीतला होता, हे आता मला नक्की वाटायला लागलं. ती उठली असेल, तोल गेला असेल, डब्याला धरायला गेली असेल, पडली असेल, कशीबशी पुन्हा पलंगावर चढून शाल ओढून घेतली असेल. मला हाकही मारली असेल. मी शब्दकोशात होतो. आणि आता मी इथे उभा राहून, पडली नाही, असं म्हणतोय. कशाच्या जोरावर? आयुष्यात एक स्वल्पविराम मी छातीठोकपणे दिलेला नाही. दोनदा पाहायचो, तिसऱ्यांदा वरिष्ठांना विचारायचो.

"अंकल, आर यू शुअर?"

लतिकेनं माझा दंड धरला. "आजोबा, बोला ना. पक्का माहीत आहे का तुम्हाला?"

हातातली पिशवी वाजली. मी खाली पाहिलं. बांगड्यांमध्ये ती सुई अडकली होती, हिरवा दोरा लोंबत होता.

कुमुद शिवता शिवता उठणार असेल तर सुई कापडातच टोचून ठेवते. फक्त आडवं व्हायचं असलं की ती सुई खांद्यावर टोचते, कारण पलंगावर सुई राहिली तर कोणाच्या तरी अंगात जाईल ही तिची धास्ती. मी कितीदा रागावलो असेन, तिथे टोचू नकोस म्हणून. म्हणजे ती आपण होऊन आडवी झाली. बरं, पण नंतर उठली असली तर? उठून पडली असली तर?

आणि मग मला तो शब्द पुन्हा ऐकू आला. फॉल. कुमुद पडली असती तर पडले म्हणाली असती. घरी धडपडली, बाजारात घसरली, बसमधून उतरताना कोलमडली, एकदाही ती इंग्रजीत पडलेली नाही. तोंड वाकडं झालं म्हणून ती काही इंग्रजीत पडणार नव्हती. तिच्या तोंडी फॉल हा शब्द फक्त एकाच गोष्टीसाठी येतो.

"साडी का," मी म्हणालो. "मॅडम, साडी का फॉल। वो फॉल लगा रही थी। इसके साडी को।" मी लतिकेकडे बोट केलं. "आधा हुआ। वो... शी वॉज..." इथे इंग्रजीत मला क्रियापद सापडेना. लाय, ले, लेन. शी ले डाउन की शी लेड डाउन? शी वॉज लाइंग म्हणावं तर ती खोटं बोलत होती असाही अर्थ निघतो. कितीतरी अहवालांत हीच चूक लाल पेनानं मी दुरुस्त केलेली. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत होत्या.

मग मी ते सोडलं. आणि जी भाषा मी कधी धड बोललो नाही, तिच्यात ओरडलो, सगळ्या कॅज्युअल्टीला ऐकू जाईल असं. "गिरा नहीं! लेटा था! मेरा पत्नी लेटा था!"

मोबाइलवाली बाई बोलायची थांबली. श्यामजी धावत आले. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"लेटी थीं?" त्या म्हणाल्या. "मतलब, खाना खाकर लेटी थीं? गिरी नहीं?"

"हमारे में उसको पडणा बोलते हैं।"

त्यांनी लतिकेकडे पाहिलं. लतिका म्हणाली, "आय ट्रान्स्लेटेड इट राँग. ओ गॉड. आय ट्रान्स्लेटेड इट राँग."

मी मग सगळं सांगितलं. आवाजाचंही आणि उपड्या डब्याचंही. लपवलं असतं तर बरं झालं असतं का, असं तेव्हाही मनात आलं, पण सांगितलं. सुई दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेल्या, कुमुदचं डोकं, मान, कोपरं, कंबर पुन्हा तपासली. कुठे टेंगूळ नाही, खरचटलेलं नाही, दाबल्यावर दुखत नाही. मोठ्या डॉक्टरांना फोन केला. फोनवर त्या "साड़ी फ़ॉल, सर, नो, नो, साड़ी" असं म्हणत होत्या. मग परत आल्या.

"हम दे रहे हैं। लेकिन रिस्क है, अंकल। समझ रहे हैं ना?"

सही मी केली. नाव नीट लिहिलं, दिनकर, आणि मग आपलं आडनाव आठवायला क्षणभर थांबलो.

इंजेक्शन गेलं. त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. पहिल्या काही तासांत रक्तस्राव होण्याची भीती असते म्हणे. दर थोड्या वेळानं कोणीतरी तिच्या डोळ्यांत उजेड मारून बघत होतं, बोटं उचलायला सांगत होतं. काचेतून मला नुसते तिचे पाय दिसत. मी उभा राहत होतो, बसत होतो, पुन्हा काचेशी जात होतो. लतिकेनं ब्रेड पकोडा आणून दिला, तो हातात धरून मी फिरत होतो. मला आता सुईचा भरवसा वाटेना. सुई काय, ती झोपण्याआधीची. फॉल हा शब्द तरी काय? अर्धवट तोंडातून निघालेला आवाज, डॉक्टरांना फॉल वाटला. पाल असेल. पाय असेल. पडले असेल, नुसता प ऐकू आला असेल. तिचं आयुष्य मी एका शब्दाच्या अर्थावर लावलं होतं.

"आजोबा, बसा ना यार," लतिका म्हणाली. मग जीभ चावली. "सॉरी. बसा ना."

"लतिका, माझं चुकलं असेल तर?"

"माझं चुकलंय ना. तुमचं कुठे?" तिनं नाक पुसलं. "पडणे म्हणजे झोपणे पण. कसली भाषा आहे तुमची."

"तुझीही आहे."

"अच्छा? मग आधी सांगायचं होतं ना."

अंकातलं ते पान दिल्लीत वाढलेल्या मुलांसाठी होतं, आणि दिल्लीत वाढलेलं मूल माझ्यापासून मेट्रोच्या एका प्रवासावर राहत होतं.

बाहेर अंधार पडला होता तेव्हा आम्हाला आत सोडलं. एकेकानं या, म्हणाले, पण आम्ही दोघंही गेलो. कुमुद उशीवर टेकून होती. तोंड अजून तिरकं होतं, पण दुपारसारखं ओघळलेलं नव्हतं. उजव्या हाताची बोटं चादरीवर सावकाश हलत होती, काहीतरी चिमटीत धरू पाहत असल्यासारखी.

"देखा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इम्प्रूव्ह हो रही हैं। ज़्यादा बुलवाइए मत।"

मी तिच्याजवळ वाकलो. विचारायचं नाही असं ठरवून आलो होतो. तिला त्रास होईल, आणि उत्तर काही असलं तरी आता इंजेक्शन परत घेता येणार नव्हतं. पण राहवलं नाही.

"कुमुद, एकच सांग. दुपारी तू पडली होतीस का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. शब्द जड होते, एकेक ढकलून बाहेर काढावा तसे. पण शब्द होते.

"प-डले ना."

लतिकेनं पलंगाची कड धरली. मला वाटलं, आता डॉक्टरांना हाक मारावी, सांगावं, माझं चुकलं, मला कळत नव्हतं, मी उगाच बोललो.

"कुठे?" मी विचारलं. "कुठे पडलीस?"

कुमुदच्या कपाळावर आठी आली. आमच्या संसारात ती आठी मला ठाऊक आहे. मूर्ख प्रश्नाला ती येते.

"कुठे म्हणजे? पलंगावर." ती दमली, थांबली. "सांगितलं की तुम्हाला. जेवून जरा पडते म्हणून."

"आणि डबा?"

"हात लागला. डबा पडला." तिनं डोळे मिटले. मी सरळ झालो, तर चादरीवरची बोटं पुन्हा हलली. "फॉल," ती म्हणाली. "अर्धा राहिलाय. हिला म्हणावं, बाजारात देऊ नको. उलटा लावतात मेले."

लतिका हसायला लागली आणि मग तिला हसणं थांबवता येईना, परिचारिकेनं तिला बाहेर नेलं. मी खुर्ची ओढून बसलो. त्या दिवसात पहिल्यांदा पाठ टेकली, आणि तेव्हा कळलं, की पकोडा अजून माझ्या हातातच होता.